अठरा टायरची गाडी, हॉलमध्ये: '१८ व्हीलर'साठी स्टेअरिंग बांधल्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

काय करायचं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटायला नकोत. सेगाचा '१८ व्हीलर: अमेरिकन प्रो ट्रकर' माझ्याकडे ड्रीमकास्ट या सेगाच्याच घरगुती गेमच्या मशीनवर आहे. डिस्क चांगली आहे, खेळ चालतो. त्याला ट्रकचं खरं स्टेअरिंग, डोक्यावर हॉर्नची दोरी, गॅस आणि ब्रेकची पेडलं आणि हाय, लो, रिव्हर्स असा गिअरचा दांडा जोडायचा. बस. लाकडी केबिन नाही, दिवे नाहीत, नंबरप्लेट नाही. (भाच्याने नंबरप्लेटचं डिझाइन पाठवूनही दिलंय. बाजूला ठेवलं.)

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सेगाच्या एएम२ विभागाने तो २०००च्या आगेमागे आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी, बनवला. अमेरिकेच्या एका टोकाहून ट्रक घेऊन निघायचं, घड्याळ उलटं धावत असतं, वेळेत ट्रेलर पोचवायचा. लिझर्ड टेल नावाचा एक खडूस ट्रकवाला सारखा आडवा येतो. रस्त्यात काही ठरावीक व्हॅन दिसतात, त्यांना धडक दिली की तीन सेकंद वाढवून मिळतात. मोठ्या गाडीच्या पाठीला चिकटून चाललं की समोरचा वारा ती गाडी अडवते आणि आपला वेग चढतो. हॉर्न दिला की पुढचे बाजूला होतात, हे मात्र निव्वळ कल्पनारम्य. पहिल्या टप्प्यानंतर ट्रेलर निवडता येतो: अवजड घेतला तर भाडं जास्त, पण गाडी ओढत नाही, हलका घेतला तर उलट. वाटेत ठोकलंत तर भाड्यातून कापतात. टप्प्यांच्या मध्ये पार्किंगचा छोटा जोडखेळ आहे.

आर्केडचं मशीन मी नोकरीनिमित्त परदेशात असताना खेळलोय. चाक एवढं मोठं की दोन्ही हात पसरून धरावं लागायचं, आणि हॉर्नला चक्क दोरी. घरी तोच खेळ अंगठ्याने खेळतो तेव्हा काय हरवलंय ते लगेच कळतं. अठरा चाकांचा हिशोब असा: पुढच्या ओढणाऱ्या भागाची (त्याला ट्रॅक्टर म्हणतात) दहा, मागच्या ट्रेलरची आठ. अमेरिकेत हमरस्त्यावर अशा गाडीला मालासकट ८०,००० पौंडांची मुभा आहे, म्हणजे साधारण ३६ टन. तेवढं वजन अंगठ्याच्या पेराने वळवायचं, हे काही पटत नाही.

१९ जानेवारी

आधी मशीन धड करून घेतलं. जपानी आहे, आतला पॉवर सप्लाय १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर धूर निघणार, म्हणून मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. तो गुणगुणतो, पण गुणगुणू दे.

दुसरं दुखणं घड्याळाच्या सेलचं. कंट्रोलरच्या पोर्टांमागे जो छोटा बोर्ड असतो त्यावर रिचार्ज होणारा सेल थेट सोल्डर केलेला असतो. इतक्या वर्षांत तो मरतोच. मग दर वेळी चालू केलं की मशीन तारीख विचारतं आणि स्वतः २७ नोव्हेंबर १९९८ पुढे करतं, ड्रीमकास्ट जपानात विक्रीला आला तो दिवस. जुना सेल काढून होल्डर बसवला, त्यात एमएल२०३२, तोही रिचार्ज होणारा. घड्याळाच्या दुकानात मिळणारा साधा सीआर२०३२ तसाच टाकायचा नाही. मशीन त्याला चार्ज करू पाहतं. टाकायचाच असेल तर मध्ये डायोड हवा, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा.

२६ जानेवारी

सुट्टी. सोल्डरिंगला हात लावला नाही, पण दिवसभर वाचन केलं. घरच्या आवृत्तीत नक्की काय आलं आणि काय राहिलं, हे कळल्याशिवाय पुढचं काम आंधळं होईल.

आर्केडचं मशीन सेगाच्या नाओमी नावाच्या बोर्डवर चालतं. नाओमी आणि ड्रीमकास्ट ही सख्खी भावंडं. दोन्हींत हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झवर, दोन्हींत पॉवरव्हीआर२ ग्राफिक्स, दोन्हींत यामाहाची एआयसीए साउंड चिप. फरक मेमरीत. मुख्य मेमरी नाओमीत ३२ एमबी, ड्रीमकास्टमध्ये १६. ग्राफिक्ससाठी १६ विरुद्ध ८. आवाजासाठी ८ विरुद्ध २. म्हणजे चित्र काढणारा हात तोच, फक्त कागद ठेवायचं टेबल लहान. शिवाय नाओमीत खेळ रॉमच्या बोर्डवर असतो, हवं ते तिथल्या तिथे उचलता येतं. ड्रीमकास्टला जीडी-रॉम ही डिस्क फिरवावी लागते. तिच्यात साधारण एक जीबी मावतं, पण डिस्क जास्तीत जास्त वेगात असतानाही सेकंदाला १.८ एमबीच्या वर काही मिळत नाही. टप्प्यांच्या मध्ये थांबावं लागतं ते त्यामुळे.

म्हणून ड्रीमकास्टवर हा खेळ आणणं म्हणजे डोंगर उचलणं नव्हतं. एरवी आर्केडचा खेळ घरी आणताना लोक चित्रांवरून रडतात. इथे रस्ता तोच, ट्रक तोच, वळणं तीच. समीक्षकांनी तेव्हा नाक मुरडलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून: खेळ फार लवकर संपतो. संपणारच की. आर्केडचा मालक एका नाण्यात तुम्हाला तासभर बसवून ठेवणार नाही; दहा-पंधरा मिनिटांत तुम्हाला घाम फोडून उठवायचं आणि पुढच्याला बसवायचं, असं ते सगळं मोजून बसवलेलं असतं. घरी आणल्यावर ती मोजणी तशीच राहिली, फक्त नाणं गेलं आणि चाक गेलं. बदल्यात पार्किंगचा वेगळा मोड, स्कोअर अटॅक आणि दोघांची शर्यत असं थोडं वाढप केलं. पार्किंग मला आवडतं, बाकीचं जेवणातल्या चटणीइतकं.

वेळही वाईट होती. ३१ जानेवारी २००१ ला सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेत हा खेळ त्याच वर्षी दुकानात आला. पुढे अक्लेम या कंपनीने तो प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूबवरही आणला. तिथे मात्र भावंडांचं नातं नव्हतं. प्लेस्टेशन २ च्या ग्राफिक्स चिपमध्ये मेमरी अवघी ४ एमबी, आणि ड्रीमकास्टला टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) दाबून ठेवायची जी सोय चिपमध्येच होती तीही नाही.

माझ्यापुरता निष्कर्ष: डिस्कवर जे मावत होतं ते सगळं आलंय. उरलं ते लोखंड, आणि ते मला करायचंय.

२ फेब्रुवारी

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये स्टेअरिंग मिळालं. टाटा १६१३ वरून उतरवलेलं, कडेला प्लास्टिकला दोन चिरा, मधोमध हॉर्नच्या बटणाच्या जागी भोक. दुकानदाराने विचारलं, "कोणत्या गाडीला लावायचंय?" म्हटलं, टीव्हीला. त्याने भाव कमी केला नाही, पण चहा पाजला.

घरी आणून रॉकेलने पुसलं. तरी हाताला ग्रीस लागतंच. अनेक वर्षांच्या घामाचा वास बसलाय त्यात.

९ फेब्रुवारी

लेथवाल्या काकांकडून मधल्या दातेरी भोकात घट्ट बसेल असा शाफ्ट करून घेतला. खाली दोन बेअरिंग, चौकट दीड इंची अँगलची. वेल्डिंग आपल्या गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे.

१६ फेब्रुवारी

आता डोकं. ड्रीमकास्ट कंट्रोलरशी बोलतं ते मेपल बस नावाच्या पद्धतीने. डेटाच्या दोन वायरी. एका वेळी एक वायर घड्याळासारखा ताल देते, दुसरी डेटा नेते. मग भूमिका बदलतात. वेग सेकंदाला दोन मेगाबिटपर्यंत. साध्या आर्डुइनो बोर्डला हे झेपायला फार ओढाताण करावी लागते. रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घेतला, कारण त्याच्या आरपी२०४० चिपमध्ये पिना ठरलेल्या तालात हलवणारे छोटे स्वतंत्र यंत्रभाग आहेत. मुख्य प्रोसेसरने फक्त उत्तर तयार ठेवायचं. पातळीही जुळते: दोन्हीकडे ३.३ व्होल्ट.

बोलणं सोपं आहे. मशीन आधी ओळख विचारतं. आपण सांगायचं, मी कंट्रोलर. मग ते पुन्हा पुन्हा विचारत राहतं, आता काय स्थिती? उत्तरात बटणांचे बिट (दाबलं तर शून्य, न दाबलं तर एक, उलटं आहे हे लक्षात ठेवायचं), दोन ट्रिगर शून्य ते २५५, आणि स्टिकच्या आडव्या-उभ्या किमती, मधोमध १२८. शेवटी पडताळणीसाठी सगळ्या बाइटचा एक्सऑर. तो चुकला तर मशीन उत्तर कचऱ्यात टाकतं. यासाठी तयार मुक्त फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) आहे, तेच घेऊन त्यात माझे सेन्सर घुसवतोय.

वायरिंगबद्दल एक इशारा, कुणी हे वाचून करणार असेल तर. मूळ सेगाच्या केबलमध्ये ५ व्होल्टची वायर निळी असते. लाल वायर डेटाची. आपल्या हाताला लाल म्हणजे पॉवर अशी सवय असते. त्यातून एक्स्टेन्शन केबल दुसऱ्या कुणी बनवलेली असेल तर रंग त्याच्या मर्जीने. मल्टिमीटर लावल्याशिवाय एकही टाका मारू नये.

२३ फेब्रुवारी

पोर्टांच्या त्याच छोट्या बोर्डवर एफ१ लिहिलेला बारका फ्यूज आहे. ५ व्होल्टची लाइन क्षणभर जरी शॉर्ट झाली तरी तो जातो, आणि मग चारही पोर्ट मुके. म्हणून पिकोला पॉवर देताना मध्ये शॉटकी डायोड टाकला. कोड भरायला यूएसबी लावलेली असताना कॉम्प्युटरचे ५ व्होल्ट उलटे ड्रीमकास्टमध्ये शिरू नयेत, हाही हेतू. चालू मशीनमधून प्लग काढायचा-घालायचा नाही, असा नियम केलाय. भाच्याला तोंडी सांगून उपयोग नाही म्हणून टेपवर लिहून चिकटवलं.

आज पहिल्यांदा ड्रीमकास्टच्या मेनूत पिकोवरून बाण हलला.

२ मार्च

पेडलं. जुन्या शिलाई मशीनच्या पेडलची कल्पना होती, पण ती टाचेला लागते. शेवटी लोखंडी पट्टी, बिजागरी, आणि गॅसला हलकी, ब्रेकला जाड स्प्रिंग. प्रत्येकाला एक हॉल सेन्सर (चुंबक किती जवळ आहे ते सांगणारा) आणि समोर चुंबक. पिकोच्या एडीसीत (व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) काही ठरावीक किमतींपाशी उड्या येतात, हा त्या चिपचा जाहीर दोष आहे. बारा बिट वाचून आठच द्यायचे असल्यामुळे आपल्याला त्याचं सोयरसुतक नाही.

उजवा ट्रिगर गॅस, डावा ब्रेक. बसलं.

९ मार्च

स्टेअरिंगने आख्खा रविवार खाल्ला, आणि खायलाच हवा होता.

फिरणं मोजायला एएस५६०० हा चुंबकीय सेन्सर. शाफ्टच्या टोकाला बारका गोल चुंबक, त्याच्या समोर एक-दोन मिलिमीटरवर चिप. एका फेरीत ४,०९६ पायऱ्या मोजते, घासणारं काही नाही, झिजायचं काही नाही. फक्त चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेला हवा. फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाचे ध्रुव वर-खाली असतात. तो कितीही फिरवला तरी चिपला काहीच दिसत नाही.

खरा प्रश्न वेगळा. ट्रकचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला अनेक फेऱ्या लागतात. खेळातला ट्रक मात्र पॅडच्या स्टिकसाठी बसवलाय: टोकापर्यंत ढकला, सोडा, पुन्हा ढकला. खऱ्यासारख्या फेऱ्या ठेवल्या तर वळण येऊन जातं आणि आपण अजून हात बदलत असतो. २७० अंशांवर थांबलो, दोन्ही बाजूंना १३५. स्टिकच्या २५६ पायऱ्या त्यावर पसरल्या की एका अंशाला जवळपास एक पायरी पडते. म्हणजे सेन्सर कितीही बारीक मोजू दे, मेपलच्या दारातून आठ बिटच आत जातात.

सरळ रेषेत पसरवलं तेव्हा ट्रक सारखा नागमोडी जात होता. कारण चाक जड. त्याला सरळ आणेपर्यंत ते पलीकडे जातं. मधल्या तीस-चाळीस अंशांत प्रतिसाद मंद केला, टोकांकडे तीव्र केला. मग अगदी मध्यापाशी चाक हलतंय पण ट्रक ढिम्म, असं वाटायला लागलं. तेवढा पट्टा कोडमधून उडी मारून पार केला: चाक जरा हललं की थेट १२८ वरून काही पायऱ्या पुढे. आता हलका हात लावला तरी ट्रक कान देतो.

मध्यावर परत यायला सायकलच्या ट्यूबचं रबर कापून शाफ्टच्या दोन बाजूंना ताणलं. स्प्रिंग लावून पाहिली होती. ती मध्यापाशी थरथरते. रबर स्वतःच थोडी ऊर्जा खातं, त्यामुळे चाक येतं आणि थांबतं. टोकांना बोल्ट, बोल्टवर रबरी बुश.

१४ मार्च

धुळवड. हात रंगलेले, काम बंद.

१६ मार्च

दोरी! इतके दिवस जिच्यासाठी हे चाललंय ती.

अमेरिकी ट्रकमध्ये ही दोरी थेट हवेचा व्हॉल्व उघडते. ब्रेकला लागणाऱ्या त्याच दाबाच्या हवेवर भोंगा वाजतो. आपल्याकडे कुणाला समजावायचं तर एसटीतली घंटीची दोरी आठवा म्हणायचं, कंडक्टर उभ्या उभ्या ओढायचा ती. हाताची उंचीही तीच ठेवली: बसल्या जागी हात वर केला की कोपर पूर्ण सरळ न होता मूठ दोरीवर पडली पाहिजे. फार वर गेली तर खांदा भरतो, फार खाली आली तर रुबाब जातो.

आतली यंत्रणा म्हणजे लिव्हरचा मायक्रोस्विच आणि स्कूटरच्या साइड स्टँडची स्प्रिंग. स्प्रिंग मुद्दाम दणकट घेतली. ओढायला जोर लागला नाही तर ते फक्त लांब वायरचं बटण होतं. पूर्ण ओढ तीन इंचांची, स्विच दुसऱ्या इंचाला लागतो. उरलेला इंच उगाच आहे आणि सगळी मजा त्या इंचात आहे. स्विचवर धक्का येऊ नये म्हणून दोरीला वेगळा अडथळा दिला.

स्विच लागताना वीसेक मिलिसेकंद थरथरतो, ते कोडमध्ये गाळलं. दोरी सोडेपर्यंत भोंगा.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन खात्याने ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी घातली, लोकांना उगाच हॉर्न वाजवायला चिथावणी मिळते म्हणून. या खेळात हॉर्न वाजवल्याशिवाय गत्यंतर नाही. शेजाऱ्यांसाठी टीव्हीचा आवाज कमी ठेवतोय.

२३ मार्च

गिअरचा दांडा. खऱ्या अमेरिकी ट्रकमध्ये दहा, तेरा, अठरा गिअर असतात. सेगाने ते सगळं हाय आणि लोवर आणलं, शिवाय रिव्हर्स, आणि योग्यच केलं. तीन खाचांची पत्र्याची पट्टी, प्रत्येक खाचेत स्विच. दांडा खाचेत बसला की त्या गिअरच्या बटणाचा छोटा टोला जातो. दांड्याचा गोळा संगमरवरी दिसणारा प्लास्टिकचा, तोही ट्रान्सपोर्टनगरचा.

३० मार्च, पाडवा

आज चाचणी. वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर ट्रकवर होते, पुण्याहून पार दक्षिणेत माल न्यायचे. श्रीखंड-पुरी झाल्यावर त्यांना बोलावलं.

बसल्याबसल्या त्यांनी आरसा शोधला. मग डावा पाय हवेत चाचपडला. "क्लच कुठंय?" नाहीये म्हटलं. "मग हा गिअर कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाक मात्र त्यांनी दोन्ही हातांनी न धरता एका तळव्याने टेकवलं आणि खुर्चीत थोडे तिरके बसले. मी महिनाभर समोरासमोर बसून बसवलेला मध्याचा पट्टा त्यांच्या त्या तिरक्या हाताला जास्त सैल वाटला. तो थोडा कमी करणार आहे. ट्रक तसाच चालवतात, तर तसाच चालला पाहिजे.

व्हॅन आली. मी ओरडलो, "काका, ठोका तिला!" त्यांनी ब्रेक मारला. शिताफीने बाजूने काढली. वेळ वाढतो म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "ठोकल्यावर वेळ मिळतो? आमची गाडी ठोकली की आठवडाभर चौकीच्या आवारात." पूर्ण टप्पा त्यांनी एकाही गाडीला न लावता, लिझर्ड टेलला सुद्धा पुढे जाऊ देऊन काढला, आणि घड्याळ संपलं. पुन्हा बसले, तेव्हाही व्हॅनला हात लावला नाही. मोठ्या गाड्यांच्या मागे चिकटून, वाऱ्याचा आडोसा धरून वेळ वाचवला. ती युक्ती त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. टप्पा पार झाला.

मग ट्रेलर निवडायचा पडदा. अवजडला पैसे जास्त, हलक्याला कमी, हे समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "डिझेल कुणाचं?"

खेळात डिझेल नाही. म्हटल्यावर त्यांनी अवजड घेतला.

दोरी त्यांनी एकदाच ओढली, लांब. पुढच्या गाड्या भराभर बाजूला झाल्या तेव्हा इतका वेळ गंभीर चेहऱ्याने बसलेला माणूस मोठ्याने हसला.

६ एप्रिल

काकांच्या सूचनेवरून: मध्याचा पट्टा अर्ध्यावर आणला, ब्रेकची स्प्रिंग आणखी जाड केली (हवेच्या ब्रेकला पाय असा बुडत नाही, म्हणे), खुर्ची चार इंच उंच केली. क्लचच्या जागी एक मुकं पेडल बसवा असंही त्यांचं म्हणणं आहे, नुसता पाय ठेवायला. ते करणार.

भाचा आता घड्याळ लावून दहा मिनिटांनी दुसऱ्याला उठवतो. कुणी सांगितलं नव्हतं. चाक एकच आणि रांगेत चौघं असली की तो खेळ पुन्हा त्याच्या मूळ लांबीचा होतो, आणि लवकर संपतो ही तक्रार घरात अजून कुणी केलेली नाही.

१३ एप्रिल

शिल्लक कामं. शाफ्टचा खालचा बेअरिंग करकरतो, ग्रीस. दोरी वळणाच्या हुकाशी घासून पिंजतेय, तिथे कपड्याच्या दोरीची छोटी पुली घालायची. दोघांच्या शर्यतीत दुसऱ्याच्या हातात अजून पॅडच आहे, आणि पॅडवालाच जिंकतो, कारण अंगठा चाकापेक्षा पटकन फिरतो. दुसरं चाक बांधणार नाही. हॉलमध्ये जागा नाही आणि घरात माझी पतही नाही.

या खेळाचा पुढचा भाग, 'द किंग ऑफ रूट ६६', नाओमी २ वर आला होता आणि घरी आला तो प्लेस्टेशन २ वर. तेच लोखंड त्याला जोडायचं आहे. मेपल तिथे चालणार नाही, पिकोत दुसरं फर्मवेअर भरावं लागेल. पेडलं, दोरी, दांडा आहे तसेच. डिस्क मिळाली की नवी वही.